आधी देणारा कोण? धर्मार्थ दवाखाना आणि ऋणाचा विचार

दुर्गम शेतकरी वस्तीत स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या धर्मार्थ दवाखान्याचे वर्णन करताना मराठी समाज सहजपणे दानाची भाषा वापरतो: डॉक्टर आपला वेळ देतो, औषधविक्रेता औषधे देतो, शहरातील एखादे कुटुंब आईवडिलांच्या स्मरणार्थ काही रक्कम देते आणि गावकरी ते सारे घेतो. या वर्णनात देणारे अनेक असतात, घेणारा मात्र एकच असतो, आणि पुण्याचा सगळा हिशेब देणाऱ्यांच्या खात्यावर मांडला जातो. असा दवाखाना चालवणे हे धर्मकृत्य आहे, याविषयी भारतातील धर्मपरंपरांत फारसा मतभेद आढळत नाही. मतभेदाला जागा आहे ती या कृत्याच्या स्वरूपाविषयी, म्हणजे रुग्ण आणि त्याची सेवा करणारा यांचे नाते याचक आणि दाता असे मानावे की त्याहून वेगळे काही, याविषयी. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी आहे की, हे नाते धनको आणि ऋणको यांचे असून त्यात ऋणको डॉक्टर आहे, आणि हे एकदा मान्य केले की दवाखान्याच्या रोजच्या कारभारातील अनेक गोष्टी, औषधांच्या निवडीपासून केसपेपरच्या शुल्कापर्यंत, नव्याने ठरवाव्या लागतात.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी छत्रपती संभाजीनगर शहरातील उस्मानपुरा हा परिसर सोयीचा आहे, कारण दातृत्वाच्या निरनिराळ्या परंपरा तेथून थोड्याच अंतरावर शेजारी शेजारी नांदतात. पैठणच्या नाथांच्या नावाचे संत एकनाथ रंगमंदिर उस्मानपुऱ्यातच आहे. लगतच्या गारखेडा परिसरात डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे. काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन १९८९ मध्ये ते सुरू केले आणि त्याची चालक संस्था डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान या नावाने ओळखली जाते. याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची पाणचक्की आहे, डॉ. आंबेडकरांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आहे, आणि ज्याला सारा मराठवाडा नुसते ‘घाटी’ म्हणतो ते १९५६ सालचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही आहे. सोयगाव, कन्नड, पैठण, वैजापूर या तालुक्यांतील कोरडवाहू गावे आणि तांडे याच शहराकडे उपचारासाठी पाहतात, आणि त्या गावांकडे शिबिरे घेऊन जाणारे डॉक्टर बहुधा याच शहरात शिकलेले असतात. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

दानाचा शास्त्रविचार या भूमीला नवा नाही. शहरापासून जवळच असलेल्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, तेराव्या शतकात, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्री पंडिताने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रह रचला, आणि त्यातील दानखंडात आरोग्यदानाचा स्वतंत्र विचार केला. तेथे पुराणाच्या आधारे आरोग्यशाळा, म्हणजे औषधे आणि कुशल वैद्य यांनी सज्ज असलेले रुग्णालय, उभारण्याचे माहात्म्य सांगितले आहे, आणि त्यामागील युक्तिवाद लक्षणीय आहे: धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चारही पुरुषार्थ साधायचे तर आधी शरीर निरोगी हवे, म्हणून ज्याने आरोग्य दिले त्याने सर्व काही दिले. आधुनिक वाचकाला या युक्तिवादात एक अडचण लगेच जाणवते. जी गोष्ट माणसाच्या प्रत्येक साध्याची पूर्वअट आहे, ती कोणाच्या मर्जीवर सोडता येईल काय? पूर्वअट म्हटली की तिच्यावर हक्क सांगता येतो, आणि हक्काची वस्तू देणाऱ्याला दाता म्हणणे अवघड होते. हेमाद्रीने ही पायरी ओलांडली नाही, परंतु त्याच्या मांडणीत ती दिसते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्र पाहून, द्यायलाच हवे या बुद्धीने दिलेले ते सात्त्विक. उपकाराच्या फेडीसाठी, फळावर डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलेले ते राजस. आणि अवमान करून, तुच्छतेने, अयोग्य ठिकाणी दिलेले ते तामस. या विभागणीत देणाऱ्याच्या मनाची परीक्षा अतिशय सूक्ष्म आहे, आणि धर्मार्थ दवाखाना चालवणाऱ्यांनी ती स्वतःवर पुन्हा पुन्हा लावून पाहावी इतकी ती मोलाची आहे. रांगेतल्या बाईवर खेकसून दिलेली फुकटची गोळी तामस दानात मोडते, हे तिथे स्पष्टच होते. परंतु सात्त्विक दानाच्या लक्षणात परतफेड न करू शकणारा असा जो माणूस गृहीत धरला आहे, त्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, बहुतेक समाजांत देणे, घेणे आणि परत देणे ही तीन बंधने एकत्रच असतात, आणि ज्याला परत देता येत नाही त्याचा दर्जा देणाऱ्याच्या नजरेत आणि स्वतःच्याही नजरेत उतरतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सावड, म्हणजे दोन शेतकऱ्यांनी आपापले बैल आणि अंगमेहनत आळीपाळीने एकमेकांच्या शेतात लावणे, आणि इर्जिक, म्हणजे गावाने मिळून एकाचे काम एका दिवसात उरकणे व त्याने सर्वांना जेवू घालणे, या पद्धती त्याच्या परिचयाच्या आहेत. सावडीत येणाऱ्याला कोणी दाता म्हणत नाही, आणि ज्याच्या शेतात काम झाले त्याची मानही खाली जात नाही.

दानातील ही उणीव परंपरांनी ओळखली नव्हती असे नाही, आणि तिच्यावर काढलेले दोन उपाय उस्मानपुऱ्याच्या आसपासच पाहता येतात. पहिला वक्फचा. वक्फ म्हणजे इस्लामी विधीनुसार ईश्वराच्या नावे कायमची अर्पण केलेली मालमत्ता. ती दात्याला परत घेता येत नाही, विकता येत नाही, आणि तिचे उत्पन्न ठरलेल्या लोकोपयोगी कामालाच लागते. पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले जाई आणि दर्ग्याच्या आश्रयाला असलेल्या फकिरांसाठी धान्य दळले जाई. अशा व्यवस्थेत पीठ घेणाऱ्याचा संबंध संस्थेशी येतो, दात्याशी नव्हे, आणि त्यामुळे दात्याचे उपकार त्याच्या डोक्यावर राहत नाहीत. दुसरा उपाय रक्तपेढीचा. डॉ. हेडगेवार रुग्णालयाशी संलग्न असलेल्या दत्ताजी भाले रक्तपेढीत, किंवा कोणत्याही रक्तपेढीत, रक्त देणाऱ्याला ते कोणाच्या शरीरात जाणार हे माहीत नसते आणि घेणाऱ्याला ते कोणाचे होते हे माहीत नसते. शिवाय दोन एकर कोरडवाहू जमिनीचा मालक आणि कारखान्याचा मालक यांची पिशवी एकाच मापाची असते. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस याने १९७० मध्ये रक्तदानावरील आपल्या ग्रंथात अपरिचिताला दिलेल्या या देणगीचे सामाजिक मोल मांडले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर व्यावसायिक रक्तदात्यांकडून रक्त घेणे १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले, तेव्हा कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले. तथापि दवाखाना पूर्णपणे अनाम होऊ शकत नाही. रुग्णाच्या समोर एक माणूस बसलेला असतो, तो नाडी पाहतो, प्रश्न विचारतो, आणि दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसतो. म्हणून वक्फ आणि रक्तपेढी यांच्या पलीकडे जाऊन या समोरासमोरच्या नात्याचाच विचार करावा लागतो.

येथे ऋणाची संकल्पना उपयोगी पडते. वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच ऋणी असतो असे मानले आहे: देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे ऋण अध्ययनाने आणि पितरांचे ऋण संततीने फेडायचे असते. शतपथ ब्राह्मणात या तिन्हींच्या जोडीला चौथे, माणसांचे ऋण सांगितले आहे, आणि ते आश्रय व अन्न देऊन फेडावे असे म्हटले आहे. या विचाराचे वैशिष्ट्य असे की, त्यात देण्याची सुरुवात कोणीतरी आधीच केलेली असते. देणारा हा नेहमी दुसरा देणारा असतो. माणसाला अन्न देणारा पुण्य कमावत असेल, पण त्याहून आधी तो देणे चुकते करत असतो, आणि देणे चुकते करणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा उंच आसनावर बसण्याचे काही कारण उरत नाही.

हा विचार वैद्यकीय शिक्षणाला लावून पाहिला तर त्याचा अर्थ अगदी ठोस होतो. घाटीसारख्या शासकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा मोठा भाग सार्वजनिक पैशातून होतो, आणि त्या पैशात काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारा शेतमजूरही वाटेकरी असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पैशाचे ऋण हे या ऋणाचा लहान हिस्सा आहे. शरीरशास्त्राच्या विभागात पहिल्या वर्षी ज्या देहांवर विद्यार्थी स्नायू आणि मज्जातंतू ओळखायला शिकतो, त्यांत स्वेच्छेने केलेल्या देहदानाइतकाच, किंबहुना दीर्घकाळ त्याहून अधिक, वाटा बेवारस मृतदेहांचा राहिला आहे. १९४९ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्याने असे देह महाविद्यालयांना मिळण्याची सोय करून दिली. बेवारस मरण कोणत्या वर्गातील माणसांना येते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे वॉर्डात आल्यावर तो विद्यार्थी वाढलेली प्लीहा पहिल्यांदा ज्याच्या पोटात चाचपून पाहतो तो रुग्ण बहुधा खेड्यातला असतो. ज्या स्त्रीच्या बाळंतपणात तो पहिल्यांदा हात लावतो ती मराठवाड्याच्या, खानदेशाच्या किंवा विदर्भाच्या सीमेवरच्या एखाद्या गावातून आलेली असते. आणि सकाळच्या फेरीत आठ-दहा विद्यार्थी एकामागून एक त्याच छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा दम लागलेला तो माणूस न कुरकुरता कुशीवर वळतो. ज्यांना पैसे मोजून खासगी खोलीत उपचार घेता येतात त्यांच्या शरीरावर हे शिक्षण सहसा होत नाही.

याचा अर्थ असा की, दुर्गम गावातील दवाखान्यात डॉक्टर ज्या कौशल्याने निदान करतो ते कौशल्य त्याच गावांतून आलेल्या माणसांनी, आपल्या वेदनांची आणि लाजेची किंमत मोजून, त्याला आधीच दिलेले असते. रुग्ण हा या व्यवहारातील पहिला दाता आहे. त्याला याची जाणीव नसेल, डॉक्टरलाही नसेल, आणि कोणी त्याची रीतसर संमतीही विचारलेली नसेल. परंतु संमतीविना घेतलेले कर्ज हलके होत नाही, उलट ते फेडण्याची निकड अधिक असते. धर्मविचाराने याला ऋषिऋणाचाच एक प्रकार मानावे, कारण ऋषी म्हणजे ज्याच्याकडून ज्ञान आले तो, आणि वैद्यकाचे अर्धे ज्ञान पुस्तकाकडून येत असेल तर उरलेले अर्धे खाटेवरच्या माणसाकडून येते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, दवाखान्यात राबणारे सर्वच काही डॉक्टर नसतात. नोंदी लिहिणारी गृहिणी, औषधे मोजून देणारा निवृत्त कर्मचारी किंवा गाडी चालवणारा तरुण यांच्यावर असे ऋण कोठून येणार? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यांच्यापुरते चौथ्या, माणसांच्या ऋणावरच थांबावे लागेल: शहरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या ताटातली ज्वारी आणि तूरडाळ कोणीतरी पिकवलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सेवा ही ऋणफेड असेल तर तिचे स्वेच्छेचे स्वरूप संपते, आणि तिच्यातील सौंदर्यही त्याबरोबर जाते, असे कोणी म्हणेल. परंतु धर्मार्थ दवाखान्याच्या इतिहासात सर्वाधिक नुकसान झाले आहे ते स्वेच्छेच्या अतिरेकानेच. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग, अपस्मार या विकारांत औषध नियमित मिळणे हाच उपचार असतो. चार आठवडे आलेला आणि पाचव्या आठवड्यात लग्नसराईमुळे न आलेला डॉक्टर त्या रुग्णाला कधीच न आलेल्या डॉक्टरपेक्षा अधिक अपाय करू शकतो, कारण त्याच्या भरवशावर रुग्णाने तालुक्याला जाणे सोडलेले असते. निष्काम कर्माचा, म्हणजे फळावर हक्क न सांगता कर्म करण्याचा, उपदेश येथे वारंवार चुकीच्या अर्थाने वापरला जातो. गीता कर्त्याला फळाचा लोभ सोडायला सांगते, कर्मातील कौशल्य सोडायला सांगत नाही; योगाची एक व्याख्या तर तिने कर्मातील कुशलतेवरूनच केली आहे. रुग्ण बरा झाला की नाही, याची चौकशीच न करणारी निष्कामता ही बेपर्वाई होय. स्वयंसेवकाने आपले नाव व्हावे अशी इच्छा सोडावी, पण औषध लागू पडले की नाही याची नोंद सोडू नये.

औषधांच्या बाबतीत कठोपनिषदाने फार पूर्वी दिलेला इशारा येथे तंतोतंत लागू पडतो. नचिकेत्याच्या पित्याने यज्ञात सर्वस्व दान करण्याचा संकल्प सोडला आणि प्रत्यक्षात ज्यांचे गवत खाऊन झाले, पाणी पिऊन झाले, दूध संपले अशा थकलेल्या गाई दिल्या; ते पाहून त्या मुलाच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि आपल्याला कोणाला देणार असे त्याने बापाला विचारले. शहरातील घराघरांतून गोळा केलेली अर्धवट पाकिटे, मुदत संपत आलेल्या बाटल्या, प्रतिनिधींकडून आलेले नमुने हे सर्व खोक्यात भरून दुर्गम गावात पाठवणे, ही त्या गाईंचीच पुनरावृत्ती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांत औषध पोहोचल्यावर त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी अशी अपेक्षा ठेवली गेली, आणि जे औषध दात्याच्या स्वतःच्या देशात दर्जेदार मानले जात नाही ते दान म्हणूनही दर्जेदार ठरत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. कर्ज फेडताना कोणी फाटक्या नोटा देत नाही. दान देताना मात्र त्या खपून जातात. ऋणाची भूमिका स्वीकारल्याने होणारा हा एक प्रत्यक्ष लाभ आहे.

आतापर्यंतचे विवेचन डॉक्टरच्या बाजूने झाले. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर आयुर्वेदाची परंपरा आश्चर्यकारकरीत्या पुढे गेलेली दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद, म्हणजे चार आधार, सांगितले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, शुश्रूषा करणारा परिचारक आणि रोगी. चौघांचेही गुण तेथे दिले आहेत, आणि रोग्याचे गुण म्हणजे स्मरणशक्ती, सांगितलेले पाळण्याची वृत्ती, न घाबरणे आणि आपल्या विकाराचे वर्णन करता येणे. चरकाने वैद्याला या चौघांत प्रमुख मानले हे खरे, परंतु रोगी हा उपचार घेणारा असण्याआधी उपचाराचा एक खांब आहे, ही कल्पना तेथे निःसंदिग्ध आहे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच यादी मांडताना रोग्याच्या गुणांत ‘आढ्य’, म्हणजे सधन असणे, हा गुण घातला. ही नोंद कठोर वाटते, पण ती प्रामाणिक आहे. पैशाअभावी उपचाराचा चौथा खांब खचतो, हे वाग्भटाला दिसले होते, आणि धर्मार्थ दवाखाना नेमकी तीच जागा भरून काढण्यासाठी असतो. ती जागा भरताना उरलेले तीन गुण रुग्णाकडून हिरावून घेतले जाणार नाहीत, याची काळजी मात्र घ्यावी लागते. कारण फुकटच्या दवाखान्यात रुग्णाला बोलू न देण्याची, त्याचे वर्णन पुरते न ऐकताच चिठ्ठी लिहिण्याची सवय फार लवकर लागते.

बौद्ध विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने ग्रासलेल्या एका भिक्षूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडलेला असताना बुद्धाने आनंदासह त्याला न्हाऊ घातले, आणि नंतर इतर भिक्षूंना विचारले की त्याची शुश्रूषा कोणी का केली नाही. उत्तर असे आले की, तो आमच्या काही उपयोगी पडत नव्हता. परतफेडीच्या तत्त्वाचे हे टोक आहे, आणि बुद्धाने ते स्पष्टपणे नाकारले: येथे तुम्हाला आईबाप नाहीत, एकमेकांना तुम्हीच पाहायचे, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. म्हणजे ऋणाचा हिशेब व्यक्तीव्यक्तीत मांडायचा नाही. समोरच्या या विशिष्ट रुग्णाने काय दिले हे विचारायचे नाही. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे आणि चांगल्या रुग्णाचे गुणही सांगितले आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात करुणेच्या पलीकडे मैत्रीवर जो भर दिला, त्याचे महत्त्व या संदर्भात मोठे आहे. करुणा दुःखी माणसाकडे वाकून पाहू शकते. मैत्रीला वाकता येत नाही, तिला शेजारीच बसावे लागते. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या वरून टाकलेले पाणी ओंजळीत घ्यावे लागले, त्या समाजाच्या नेत्याने हा फरक नेमका ओळखला यात नवल नाही.

हा विचार प्रत्यक्षात कसा उतरतो याचे मराठी मुलुखातील सर्वात बोलके उदाहरण मराठवाड्याच्या सीमेवर, बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला सापडते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये त्या अवर्षणग्रस्त तालुक्यात काम सुरू केले. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि त्यांनी आपली प्रेरणा लपवली नाही, पण रुग्णाकडून तिची कबुलीही मागितली नाही. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडून त्यांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार करण्याचा मार्ग पुढे आला. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता होत्या. त्या ठरल्या दिवशी जामखेडला येत, शिकत, परत गावात जाऊन गरोदर बायांची आणि बालकांची काळजी घेत. जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी पाजणे, बाळंतपणातला धोका वेळीच ओळखणे, क्षयाचे औषध मध्येच तुटू न देणे ही कामे त्या अशा सहजतेने करू लागल्या की डॉक्टरकडे जाण्याची गरजच पुष्कळदा उरली नाही. गावात हातपंपाची जागा ठरवताना ती दलित वस्तीत यावी असा प्रयत्न झाला, जेणेकरून पाण्यासाठी सर्वांना तिथे यावे लागेल. आरोग्याच्या कामात जातीचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, हे तेथे आधीच उमगले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकांनीच उभ्या केलेल्या आरोग्यव्यवस्थांवरील ग्रंथात जामखेडचा समावेश झाला, आणि १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचे तात्त्विक महत्त्व आकड्यांपेक्षा अधिक आहे. तेथे डॉक्टरने आपले ज्ञान त्यांच्याच हाती परत सोपवले ज्यांच्या शरीरांवरून ते मिळाले होते. पूर्वी ज्या बाईच्या सावलीलाही गाव बिचकत होते, तिच्याकडे आता पाटलाच्या सुनेला बाळंतपणासाठी निरोप पाठवावा लागला. ऋणफेडीचा यापेक्षा पूर्ण प्रकार कल्पिणे कठीण आहे. उलट, ज्ञान लपवून रुग्णाला केवळ गिऱ्हाईक मानल्यास काय होते, हे शेजारच्याच बीड जिल्ह्याने पाहिले आहे: ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या, राज्याने नेमलेल्या समितीच्या काळातील पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली.

जामखेडच्या या वारशातून पुढे देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, आणि त्यांच्या निमित्ताने सेवेच्या भाषेतील एक मोठा धोका समोर येतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशाला स्वयंसेविका म्हटले गेले, म्हणून तिला वेतनाऐवजी कामागणिक मोबदला आणि मानधन दिले जाते, आणि त्यासाठी महाराष्ट्रातील आशांना वारंवार संपावर जावे लागले. शहरातील डॉक्टरने आठवड्यातील एक दिवस विनामूल्य देणे आणि तांड्यावरच्या बाईने दररोज दारोदार फिरून विनामूल्य राबणे, या दोन गोष्टींना एकच नाव देणे अन्यायाचे आहे. पहिला ऋणको आहे, दुसरी धनको आहे. धनकोकडूनच पुन्हा उचल घेऊन तिला सेवा म्हणायचे, हे कोणत्याही धर्मात बसत नाही. स्वयंसेवी दवाखान्याने गावातील कार्यकर्तीला आधी नीट मोबदला द्यावा आणि डॉक्टरच्या विनामूल्य सेवेचा गौरव नंतर करावा. याच न्यायाने, दर ३० हजार लोकसंख्येमागे, डोंगराळ भागात २० हजारांमागे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे हे शासनाचे स्वतःचेच मानक आहे; ते केंद्र बंद पडत असताना त्याच्या शेजारी धर्मार्थ दवाखाना उघडून समाधान मानणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज बुडवण्यास हातभार लावणे होय.

राहिला प्रश्न शुल्काचा, आणि तो वाटतो तितका लहान नाही. पूर्ण मोफत उपचारांच्या बाजूने असे म्हटले जाते की दहा रुपयांचा केसपेपरही सर्वात गरीब माणसाला दारातूनच परत पाठवतो, आणि ते बहुतांशी खरे आहे. शुल्काच्या बाजूने असे म्हटले जाते की फुकटाची किंमत राहत नाही. हे विधान गरिबांचा अपमान करणारे आहे, कारण मराठवाड्यातून एसटीने घाटीत येणाऱ्या रुग्णाने दिवसाची मजुरी आणि भाडे आधीच मोजलेले असते. या दोहोंच्या पलीकडचा मार्ग सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, दाखवून दिला. तेथील योजनेत गावाने सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने वर्षाचा हिस्सा द्यायचा, ज्याची जमीन अधिक त्याने अधिक आणि भूमिहीनाने थोडा, आणि त्या बदल्यात वर्षभर आजारपणात रुग्णालयाने गावाला सांभाळायचे. आजारी पडल्यावर हात पसरण्याऐवजी निरोगी असताना कणगीतून माप घालायचे, यामुळे गाव रुग्णालयाला जाब विचारू शकत होते. शेतकऱ्याला रोख रक्कम अवघड असते पण सुगीत धान्य असते, ही साधी गोष्ट त्या योजनेने ओळखली होती, आणि तिच्यातून सावडीचे नाते दवाखान्याला लाभले.

मराठवाड्यात ही योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण येथे सुगीच न येण्याची वर्षे वारंवार येतात. २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळांत माणसांना पिण्याचे पाणी टँकरने द्यावे लागले, तेथे माप कोठून घालणार? अशा वर्षी धान्याची अट सोडावी लागेल, परंतु देण्याचा हक्क हिरावून घेऊ नये. रात्री सर्पदंश झालेल्याला जीपमधून तालुक्याला पोहोचवणारा, लसीकरणाच्या दिवशी वस्तीवस्तीवर निरोप देणारा, दवाखान्याच्या खोलीचे पत्रे पावसाळ्यापूर्वी बसवून देणारा, बाहेरगावच्या डॉक्टरला भाकरी वाढणारे घर, हे सारे त्या दवाखान्याला देतच असतात. वर्षअखेरीस शहरातील विश्वस्तांपुढे जो अहवाल ठेवला जातो त्यात डॉक्टरांचे तास आणि देणगीदारांच्या रकमा ज्या रकान्यात लिहिल्या जातात, त्याच रकान्यात गावाचे हे देणेही लिहिले पाहिजे, आणि तो अहवाल आधी गावाच्या चावडीवर वाचून दाखवला पाहिजे.